पाट्याच्या खळग्यातली काळी माती

या गुहेच्या भिंतीवर गेरूने उठवलेले एकेचाळीस हात आहेत. गुडघ्याच्या उंचीखालचे अकरा दरवर्षी थोडे धूसर होत होते. वरचे तीस होत नव्हते.

मित्रांनो, मी त्याच भिंतीशी पडलेला एक जुना दगडी पाटा आहे. दरीच्या वरच्या वळणावरून एका बाईने मला येथे आणले. त्यानंतर किती पिढ्यांच्या बायकांनी माझ्यावर गवताचे बी वाटले, हे मी मोजलेले नाही. म्हणून सांगत नाही. माझ्या पाठीत चार बोटे खोल खळगा पडला आहे, एवढे निश्चित.

गेरूही माझ्यावरच वाटला जाई. मुलाने भिंतीला तळहात लावायचा आणि मोठ्याने तोंडातला गेरू त्याभोवती फुंकायचा, अशी येथली रीत. खालचे अकरा हात मुलांचे आहेत. त्यांतला एक, करंगळी वाकडी असलेला, मॉडी मावशींच्या आईचा.

पुढे पिठाच्या पिशव्या आल्या आणि माझे काम संपले. पर्यटक येऊ लागले. ते भिंत पाहत. मला पाहत नसत. माझ्या खळग्यात जे पडे, ते तसेच राही.

मॉडी मावशी या दरीच्या जाणत्या. दरीत शिरताना त्या पूर्वजांना मोठ्याने हाक मारून कोण आले आहे ते सांगतात. हाकेला उत्तर येते की नाही, याचा पुरावा माझ्याजवळ नाही. मात्र हाक मारणारी व्यक्ती थांबून चौफेर पाहते, आणि त्यांच्याइतके नेमके पाहणारे डोळे मी दुसरे पाहिलेले नाहीत.

गेल्या कोरड्या ऋतूत अल्विन नावाचे तज्ज्ञ शहरातून पारदर्शक लेपाचे पिंप घेऊन आले. भिंतीवर एकदा चढलेला लेप पुन्हा निघणार नव्हता. मावशींची भाची कार्लीन येथे वनरक्षक आहे; तीही सोबत होती.

"जमिनीतले क्षार भिंतीत चढतात, मावशी," अल्विन म्हणाले. "लेप दिला नाही, तर तुमच्या आईचा हात दहा वर्षांत दिसेनासा होईल."

"आणि लेपाखाली तिचा जीव गुदमरला तर? तू येशील का पुसायला?"

"हे विज्ञान आहे, मावशी."

"असू दे की. पोरी, तुझे जुने फोटो दाखव बघू."

कार्लीन दरवर्षी एकाच जागेवरून भिंतीचे छायाचित्र घेते. मध्यंतरी मावशींची थोरली बहीण वारली. तिचे नाव कोणी घेत नाही. मीही घेत नाही. रीतीप्रमाणे दरी दोन वर्षे पर्यटकांना बंद होती. त्या दोन वर्षांच्या छायाचित्रांत खालच्या हातांत काहीच फरक नव्हता.

"काय रे अल्विन," मावशी म्हणाल्या, "तुझे क्षारसुद्धा सुतकात होते का?"

अल्विन हसले आणि छायाचित्रे पुन्हा पाहू लागले. खोटे ठरताना पुन्हा पाहता येणे हा मोठा गुण आहे.

मावशी माझ्याजवळ बसल्या. फार वर्षांनी माझ्या खळग्यात बाईचे बोट फिरले. तळाशी काळी माती, तिच्यावर बंदीच्या दोन वर्षांतला स्वच्छ वाळक्या पानांचा थर, वर पुन्हा काळी माती.

"गुहेतली वाळू पांढरी," त्या म्हणाल्या. "काळी माती नदीकाठची. गाड्या उभ्या करतात तिथली. इथवर चालत आली होय?"

कार्लीनचा चेहरा उतरला. "पर्यटकांना बूट मीच झटकायला लावते, मावशी. बाहेरच्या तणाचं बी आत येऊ नये म्हणून. इथेच, भिंतीपाशी, त्या पायपुसण्यावर."

"चांगल्यासाठीच केलंस गं. जागा तेवढी चुकली. आता रडत बसू नकोस, काथ्याचं पायपुसणं उचल."

पायपुसणे नदीकाठी गेले. पिंप न उघडता परत गेले. ते अल्विननी स्वतः वाहून नेले. यंदाच्या छायाचित्रात अकराही हात गेल्या वर्षीइतकेच स्पष्ट आहेत, वाकड्या करंगळीसह.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर इलाज करण्यापूर्वी तिच्याजवळ बसून नीट पाहा. येथे क्षार नव्हते आणि शापही नव्हता. भिंतीपाशी आदराने आपटलेल्या बुटांची माती उडत होती, आणि ती गुडघ्याच्या वर पोहोचत नव्हती.