कासव ऑनलाइन आहे

आमच्या ग्रुपचा पहिला नियम मीच लिहिला होता. "इथे घरची चौकशी करू नये." दुसरा पियुषचा. "आधी गेम, मग गप्पा. गेम न खेळता मत देणाऱ्यांनी चहा प्यावा आणि निघावं." पुण्यात पाटी लावल्याशिवाय कुठलीच संस्था चालत नाही, आणि आमची संस्था म्हणजे दर रविवारी हडपसरच्या एका हॉटेलात मिसळ खात गेमवरून भांडणारी आठ-दहा टाळकी. लग्न का जमत नाही, पगार किती, हे विचारायला घरी माणसं असतात. इथे काय खेळलात आणि ते का आवडलं, एवढंच बोलायचं. मला त्या नियमाचा फार अभिमान होता. आता त्याची चीड येते.

कासव आमच्यात सगळ्यात छान बोलायचा. कासव हे त्याचं खेळातलं नाव, खरं कुणालाच ठाऊक नव्हतं. 'नदीकाठ' हा त्याचा लाडका गेम. नदीकाठचं एक गाव, तिथे शेती करायची, मासे धरायचे, होडी चालवायची. मारामारी अजिबात नाही, म्हणून बाकीचे त्याची टर उडवायचे. तो शांतपणे म्हणायचा, "इथे कुणी घाई करत नाही. मला तेच आवडतं."

मग काही रविवार तो आला नाही. कुणी विचारलं नाही, नियमच तसा होता. शिवाय मधले काही दिवस सोडले तर रोज सकाळी आमच्या फोनवरच्या गेमिंग ॲपमध्ये त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा. ऑनलाइन आहे म्हणजे मजेत आहे, आम्ही एकमेकांची खुशाली अशीच बघतो.

एका रविवारी साठीला टेकलेले एक गृहस्थ येऊन टेबलाच्या टोकाला बसले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. आम्हाला वाटलं, दुसरीकडे जागा नसेल. पियुषचं बोलून झालं तसा त्यांनी वर्गात करतात तसा हात वर केला.

"मी 'नदीकाठ' खेळतोय," ते म्हणाले. "रोज सकाळी ड्यूटीला जायच्या आधी. गेम चांगला आहे. पण माझा माणूस सारखा विहिरीत पडतो. घराचं दार उघडायला जमत नाही. पीक सगळं वाळून गेलं. तरी चांगला आहे. शांत आहे."

आम्ही हसलो. मी म्हटलं, "काका, त्या माणसाला आधी पोहायला शिकवा."

"शिकवतो," ते म्हणाले. "माझं मत देऊन झालं ना? आता दुसरं बोललेलं चालेल?"

आणि त्यांनी हात जोडले. त्यांचं नाव बाबुराव. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला, राहायला तिथल्याच क्वार्टर्समध्ये. कासव त्यांचा मुलगा, समाधान. एके सकाळी तो नेहमीसारखा डबा घेऊन ऑफिसला निघाला, फोन उशीखाली ठेवून गेला आणि परत आलाच नाही. ते त्याच्या कंपनीत गेले तेव्हा कळलं की त्याला दिवाळीच्या आधीच काढून टाकलंय. तरी तो रोज डबा घेऊन निघत होता. पोलिसांत तक्रार झाली, नातेवाईक झाले, दवाखाने पालथे घालून झाले. शेवटी त्याच्या कॉम्प्युटरवर आमच्या ग्रुपचे नियम आणि ह्या हॉटेलचा पत्ता सापडला.

"खेळल्याशिवाय तुम्ही बोलू देत नाही असं लिहिलं होतं," बाबुराव म्हणाले. "मग त्याच्याच कॉम्प्युटरवर शिकलो. मला जरा वेळ लागला. तुम्ही त्याचे मित्र. तो कुठं असेल, काही म्हणाला असेल, तर सांगा. पाया पडतो तुमच्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्यातल्या एकालाही त्याचं आडनाव माहीत नव्हतं. तो खडकीला राहतो हेसुद्धा आम्हाला तेव्हा कळत होतं. पण रित्या हाताने त्यांना परत पाठवायचं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं, आणि पियुषने फोन पुढे केला.

"काका, तो रोज ऑनलाइन असतो. हे बघा, आज सकाळीसुद्धा खेळलाय."

बाबुरावांनी फोन दोन्ही हातांत धरला. "म्हणजे जिवंत आहे?"

"अहो, खेळतोय म्हणजे आहेच की."

त्यांनी तिथल्या तिथे घरी फोन लावला. "हिरा, आहे गं. पोरगं आहे आपलं. ह्यांना दिसतंय." आम्ही त्यांना बळेबळेच खायला लावलं. रडत रडत त्यांनी अख्खा पाव संपवला. त्या दिवशी आम्ही स्वतःवर इतके खूश होतो की आठवलं तरी अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी पियुष खडकीला जाऊन हिराकाकूंच्या फोनवर आमचं ॲप टाकून आला. बाबुरावांनी चौकीत जाऊन सांगितलं, तर हवालदार म्हणाले, "गेम खेळायचं सुचतंय ना? मग येईल घरी. सज्ञान आहे." झालं, पोलिसांचा शोध तिथेच थंडावला. नातेवाइकांनीही सुटकेचा निःश्वास टाकला.

आम्ही सगळ्यांनी कासवाला मेसेज केले. ये बाबा घरी, कुणी रागावणार नाही. नोकरी गेली तर गेली, माझ्या कंपनीत विचारते. एकाचंही उत्तर आलं नाही. ठिपका मात्र रोज सकाळी लागत होता. मला त्याचा राग यायला लागला. आईबाप तिकडे झुरतायत आणि हा मासे धरतोय.

शनिवारी सकाळी मी ठरवून 'नदीकाठ' उघडून बसले. मित्राच्या गावात आपल्याला जाता येतं. ठिपका हिरवा झाला तशी मी कासवाच्या गावात शिरले, चांगला झापायचाच विचार होता. शेत उजाड पडलं होतं. कासव दारापाशी उभा राहून भिंतीवर आपटत होता. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मग तो वळला, सरळ चालत गेला आणि विहिरीत पडला. वर आला आणि परत पडला.

बाबुरावांनी सगळं सांगितलं होतं. रोज सकाळी खेळतो, त्याच्याच कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटरवर खातं मुलाचंच उघडं होतं. जो कुणी तिथे बसेल त्याचा ठिपका कासवाच्या नावाने लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्ही सगळे आयटीतले, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी त्याच्या खात्यावरच्या खेळाच्या मागच्या सगळ्या नोंदी तपासल्या. बाबुराव शिकायला बसण्याआधीचं शेवटचं खेळणं समाधान घरातून गेला त्याच्या आदल्या दिवशीचं होतं. त्यानंतर काहीच नव्हतं.

पियुषकडून पत्ता घेऊन मी स्कूटरने थेट खडकी गाठली. समाधानच्या ग्रुपमधली म्हणून सांगितलं, तसं हिराकाकूंनी दार उघडलं. त्यांच्या हातात फोनच होता.

"ये गं. आजही आलाय बघ तो. तो दिसला ना, की मगच माझ्या घशाखाली चहा उतरतो." एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

ड्यूटीला सुट्टी होती, बाबुराव अजून आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोरच होते. मी दार लोटून घेतलं.

"काका, आमचे मेसेज तुम्ही उघडले नाहीत?"

"त्याचे मेसेज ते. मी कशाला वाचू?"

मी सांगितलं. शक्य तितकं हळू बोलले, पण ते हळू बोलून कमी होणारं नव्हतं. बाबुरावांनी माउसवरचा हात काढला.

"म्हणजे इतके दिवस मीच?"

"हो काका."

"आणि तो?"

मी फोनवर त्याच्या शेवटच्या खेळाची तारीख दाखवली. त्यांनी बंद करायच्या बटणाकडे हात नेला. स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज झाला तसा तो मागे घेतला.

"चालू राहू द्या," ते म्हणाले. "चौकीत जाऊ. एक आठवडा वाया गेला."

"आता चौकीत कशाला?" चहा घेऊन आलेल्या हिराकाकूंनी विचारलं.

"एक सही राहिलीय," ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

चौकीत तेच हवालदार होते. बाबुराव म्हणाले, "साहेब, मुलाचा शोध परत सुरू करा."

"अहो, मागच्या वेळी तुम्हीच आनंदाने सांगून गेलात ना, तो रोज ऑनलाइन असतो म्हणून?"

"तो मी होतो, साहेब."

हवालदारांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं, तशी त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि समाधानचा फोटो पुन्हा मागितला. बाबुराव खिसे चाचपत असताना त्यांचा फोन वाजला. खोली लहान होती, हिराकाकूंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"अहो, आज बराच वेळ बसलाय तो. एरवी एवढ्यात जातो. तुम्ही कुणी काही विचारू नका हं त्याला."

"नाही विचारत," बाबुराव म्हणाले. "बसू दे त्याला."