फाटकाशी बांधलेली बदकहोडी

हसून घ्या आधी. सगळेच हसतात. मी बदकहोडी बोलतेय. तळ्यात पायडल मारत फिरवतात ना, तीच. अंग पांढरं, मान उंच, चोच पिवळी आणि पुढून तुटकी. त्या तुटक्या चोचीचा मला भारी अभिमान आहे. का, ते सांगतेच.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साच्यातून काढल्यावर कारागिराने माझे डोळे काळ्या रंगाने रंगवले, जरा मागे सरून बघितलं आणि म्हणाला, जास्तच ऐटबाज झाली की ही. ती ऐट अजून उतरलेली नाही.

या गावी आले आणि तळ्याची राणी होऊन बसले. गावाची हवा म्हणाल तर उन्हाळ्यात दुपारी अंगाची लाही लाही होते, खोटं कशाला बोलू? पण ऊन कललं की टेकडीवरून वारा उतरतो, तळ्यावरून येता येता गार होतो आणि अख्खं गाव घराबाहेर पडतं. कुणी टेकडी चढतं, कुणी तळ्याला फेऱ्या मारतं, उरलेले माझ्यात बसतात. माणसांची एक खोड मी तेव्हाच ओळखली. सुकाणू सगळ्यांना हवं, पायडल कुणालाच नको. नवरा-बायको त्यावरून भांडत बसायची आणि मी एकाच जागी गोल गोल फिरत राहायचे. मग काठावरून होडीवाले काका ओरडून सांगायचे, की भांडण काठावर येऊन करा, इथे ते फुकट आहे.

एका वर्षी तळ्यामागची नदी फुगली. पाणी खालच्या गल्लीत शिरलं आणि तिथेच तुंबलं. दारांच्या चौकटी बुडाल्या, माणसं माड्यांवर अडकली. मोठ्या बोटी बाहेरून यायच्या होत्या. तोवर कोण थांबणार? होडीवाले काका माझ्यात बसले आणि आम्ही निघालो. जन्मभर सहलीला नेणारी मी, त्या दिवशी विजेच्या तारा चुकवत गल्लीतून चालले होते. मान मात्र ताठ.

शिंपीदादांच्या माडीच्या कठड्यावर माझी चोच धाडकन आदळली आणि तुटली. वर शिंपीदादांची आई अडून बसलेली. सगळी गल्ली तिला आजी म्हणते. म्हणे, या वयात मी बदकात बसू? लोक काय म्हणतील? काका शांतपणे म्हणाले, "लोक आधीच बसून गेले, आजी. तुम्हीच राहिलात." मग बसली. कोरडी जमीन लागेपर्यंत तिने माझी मान काही सोडली नाही. गल्लीतलं एकही माणूस पाण्याच्या हाती लागलं नाही. ऐकलंत ना? एकही नाही.

तेव्हापासून गावाने रीतच पाडली. पावसाळा तोंडावर आला की तळ्यातल्या होड्या उचलून गल्लीत आणायच्या आणि एकेक होडी एकेका फाटकाला बांधायची. मी अर्थातच शिंपीदादांकडे. कोरड्या गल्लीत दारोदार बांधलेली बदकं बघून परगावचे लोक पोट धरून हसतात. हसू देत बापडे.

गेल्या पावसाळ्यात शिंपीदादांच्या माडीवरच्या खोल्या भाड्याने बघायला एक गणिताच्या बाई आल्या, सोबत त्यांची आई. आईला दम्याचा त्रास. बाई मुलांना देतात तसे गावांनाही गुण द्यायच्या: हवेला किती, हिंडण्याफिरण्याला किती, धोक्याला किती. गावामागून गाव नापास करत आमच्याकडे पोचल्या होत्या.

त्या यायच्या आधी शिंपीदादांनी काय करावं? शेजाऱ्यांना हाताशी धरून मला परसात नेलं आणि वर ताडपत्री टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणे. दारात होडी बघून चांगला भाडेकरू बिचकेल, ही भीती. मला झाकतात, मला! ताडपत्रीखाली मी नुसती धुमसत होते.

खोल्या बघून सगळे परसात आले. आई जिना न थांबता चढली होती, म्हणून बाई खुशीत होत्या. हवेला नऊ, टेकडी आणि तळ्याला मिळून नऊ. मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठवर येतं?"

"छे हो," शिंपीदादा म्हणाले, "इथे कसलं पाणी येतंय."

बाईंनी आईचा हात धरला आणि चालायला लागल्या. दादा गोंधळून मागे धावले, तेव्हा त्यांनी सांगितलं. आधीच्या गावातला घरमालकही हेच म्हणाला होता, अगदी याच शब्दांत. त्या भरवशावर बाई आणि त्यांचे आईवडील तळमजल्यावर राहिले. पाणी आलं तेव्हा पळायचं कुठे, बोलवायचं कुणाला, कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंचे वडील त्यात गेले. तेव्हापासून आईला धड झोप नाही. आता एकच घर बघ आणि शेवटचं बघ, एवढंच तिने लेकीला सांगितलं होतं.

दादांची मान खाली. तेवढ्यात आजी काठी टेकत आली आणि तिने ताडपत्री खसकन ओढली. काठीचं टोक आधी माझ्या तुटक्या चोचीवर ठेवलं, मग वर माडीच्या कठड्याकडे नेलं.

"पाणी तिथवर येतं," आजी म्हणाली, "आणि मग ही येते."

कुणी हसलं नाही. बाईंच्या आईने माझ्या चोचीवरून हात फिरवला, हळूच आत चढून बसली आणि दोन्ही पाय पायडलवर ठेवले. लेकीला म्हणाली, "गुण तुझे तू दे. मी बसले."

मी परत फाटकाशी आले. बाई राहायला आल्या त्याच दिवशी त्यांनी माझी दोरी बघितली आणि कपाळाला हात लावला. फाटक तर बुडणार. मग गाठ सोडायला बुडी मारायची का? हे गल्लीत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मधल्या वर्षांत पाणी आलं नाही म्हणून निभावलं होतं, नाहीतर आमची ऐट फाटकासकट बुडाली असती. आता सगळ्या होड्यांच्या दोऱ्या वर माडीच्या कठड्यांना बांधतात. आणि शिंपीदादा येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून माझी चोच दाखवतात.

आता माझा रंग उडालाय, पायडल कुरकुरतं. तळ्यात नव्या होड्या येतील, येऊ देत. तुम्ही घर बघायला निघालात तर हवा बघा, फिरायला जागा बघा; पण धोका आहे का, असं विचारू नका. कुठवर आहे, ते विचारा. जो खरं सांगेल त्याच्या शेजारी राहा.

धोक्याला किती गुण दिले, ते बाईंनी अजून सांगितलेलं नाही. पण पावसाळ्यात रोज निजण्याआधी त्या कठड्याशी येतात, माझी गाठ ओढून बघतात आणि आत वळून म्हणतात, "आहे गं ती. झोप तू, आई."