बाहेरून लावलेली कडी

रूपचंदभाईचं पत्र आलं तेव्हा कपाशी नुकती फुटायला लागली होती. आता शेतं मोकळी होत आली, तरी लोटन मास्तरांनी उत्तर धाडलं नव्हतं. होळीनंतर गाडी द्वारकेला न्यायची आहे, तुमची आणि कमलबाईंची जागा धरू का, एवढंच त्यात विचारलं होतं. मास्तर लिहायला बसत, वर ‘स.न.वि.वि.’ घालत आणि तिथेच कागद मिटून ठेवत.

ती गाडी साऱ्या पंचक्रोशीत ठाऊक होती. प्रकाशा या तीर्थाच्या गावच्या रूपचंदभाईनं लढाईतली जुनी अँब्युलन्स देवळालीच्या लिलावात घेतली आणि शहाद्याच्या सुताराकडून तिचं घर करवून घेतलं. आत झोपायला सागवानी बाकं, पाण्याची टाकी, देवाचा कोनाडा, स्टोव्हचा कप्पा. देवदर्शनाला आलेली माणसं आधी गाडी बघायला वळत. चोरांच्या धास्तीनं खिडक्यांना गज लावले होते. मागचं दार खड्ड्यात आपोआप उघडायचं, म्हणून कापसाच्या कोठाराला असते तशी जाड कडी बाहेरून बसवली होती. ड्रायव्हरची जागा आणि मागचं घर यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. काही लागलं तर आतून दोरी ओढायची, म्हणजे पुढे घंटा वाजे.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात ही गाडी पहिल्यांदा लांब निघाली ती खापरला, रूपचंदभाईच्या बहिणीकडे. तळोद्याला मास्तर आणि त्यांची बायको कमलबाई चढले. कमलबाई मागे गेल्या. तिथे रूपचंदभाईची बायको जसोदाबाई आणि म्हातारी आई नानीबाई होत्या. मास्तरांना पुढे, रूपचंदभाई आणि ड्रायव्हर दोधू यांच्यामध्ये जागा मिळाली. रूपचंदभाईनं कडी लावली, हातानं दोनदा ओढून पाहिली आणि गाडी सुटली.

मागे गाणी सुरू झाली. गुजर बायका गाडीत बसल्या की गाणारच. फळीवर थापांचा ठेका ऐकू येत होता. अक्कलकुव्याच्या पुढे एका कोरड्या नाल्यात गाडी जोरात आदळली आणि ठेका थांबला. थोड्या वेळानं पुन्हा थापा सुरू झाल्या.

मास्तर कान देऊन ऐकू लागले. थापा जलद होत्या, एकावर एक पडत होत्या. त्यांना ताल नव्हता. काहीतरी बिघडलंय असं मनात आलं, पण आपल्याला नेहमीच असं वाटतं, हेही लगेच आठवलं. चुकलो तर हे दोघे खापरपर्यंत हसत राहतील. घंटा तर वाजली नव्हती. रॉकेलचा वास येत होता, पण त्या गाडीला तो नेहमीच येई.

शेवटी त्यांनी हळूच विचारलं, मागचं सगळं ठीक असेल ना?

रूपचंदभाई हसला. “मास्तर, बाया गाना म्हनी ऱ्हायन्यात. तुम्हले सगळीकडे भ्यावच दिसस.”

दोधूही हसला. मास्तर मागे टेकले. इतक्यात पाठीमागची फळी त्यांना खांद्याला गरम लागली. आधी वाटलं, ऊन असेल. पण ऊन तर समोरून येत होतं.

“थांबाड,” ते दोधूला म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की इंजिनात विरून गेला. मग त्यांनी दोधूचा दंड दोन्ही हातांनी धरला. “गाडी थांबाड. आग शे.”

गाडी थांबली आणि इतका वेळ मागे उडून जाणारा धूर एकदम त्यांच्या अंगावर आला. जसोदाबाईनं चालत्या गाडीत चहा ठेवला होता. आदळताच स्टोव्ह कलंडला, पडदा पेटला आणि घंटेची दोरी सगळ्यात आधी जळून गेली. कडी आगीनं वाकलेल्या लाकडात रुतून बसली होती. रूपचंदभाईची बोटं रक्तबंबाळ झाली, तरी ती हलेना. आतल्या थापा मंद होत गेल्या. मग एकच हात वाजत राहिला. मास्तर त्याच्या थापा मोजायच्या नाहीत असं ठरवून गजाला धरून उभे होते. दोधूनं जॅकच्या दांड्यानं घाव घातले, तेव्हा कडी तुटली.

जसोदाबाई बाहेर पडल्या. त्यांच्यामागून कमलबाई नानीबाईंना ओढत आल्या आणि मातीतच बसल्या. वेणीचं टोक जळालं होतं. तिघीही वाचल्या. गाडीही पुढे दुरुस्त झाली, पण कडी पुन्हा बाहेरूनच बसली.

तेव्हापासून कमलबाई भाकरी थापायला बसल्या की मास्तर उठून ओसरीवर जात.

कमलबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. रूपचंदभाईचं पत्र त्यांना माहीत होतं. जसोदाबाईनं बाजारात सांगितलं होतं. त्या वाट पाहत होत्या. एका सकाळी त्यांनी परात बाजूला सारली.

“गाडी कोनी थांबाडी? तुम्हीच ना?”

कमलबाईंनी हाताचं पीठ झटकलं.

“मंग माले का घर मा कोंडी ठेवतस?”

हे मात्र त्यांना लागलं. घरात बसलेल्या बाईला आपण बाहेरून कडी घातली, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यांनी त्याच बैठकीत पत्र लिहिलं. दाराची कडी आतून बसवा. मधली फळी काढून तिथे जाळी लावा. स्टोव्ह गाडी उभी राहिल्यावर, खाली उतरून पेटवा. एवढं होणार असेल तर आम्ही दोघे येतो. माझी जागा पुढे धरू नये, मी मागे बसेन.

पोस्टाच्या पेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. मागे बसायचं म्हणजे दार लागणार, गज समोर येणार, आणि थापा मारायची वेळ आलीच तर त्या आपल्याच हाताच्या असतील. पत्र पेटीत अर्धं गेलं होतं. त्यांनी बोटं सोडली.