अक्काची बोटं

कोमट तिळाच्या तेलाचा वास आणि त्याखाली, कितीही शिकेकाई चोळली तरी न हटणारा, फॉर्मॅलिनचा उग्र दर्प. माझी थोरली बहीण, अक्का, या दोन गंधांनी आधी घरात यायची. मद्रासच्या एका इस्पितळात ती कर्करोगाच्या प्रवासाचा माग काढीत असे. एका गाठीतून सुटलेल्या पेशी मानेत, काखेत कुठल्या वाटेनं पोचतात, हा तिचा अखंड ध्यास. मृत ग्रंथींचे तलम काप ती काचेवर मांडायची. एक निर्मळ निघाला तरी तिचा विश्वास बसेल तर शपथ! ‘दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं गं,’ म्हणायची.

आई त्याच रोगानं गेलेली. आमच्या तंजावरी घरांत थोरलीनं धाकटीला तेल घालावं, ही रीत. म्हणून दर शुक्रवारी मी मद्रासबाहेरच्या आवडी गावातल्या क्वार्टर्समधून मैलापूरला तिच्याकडे न्हायला जायची. तेल मुरवता मुरवता तिची बोटं कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत उतरत आणि तिथे घुटमळत. ‘काय गं?’ विचारलं की ‘सुम्मा, उगीच,’ म्हणून ती तांब्या उचले. उगीच कसलं! हिला माझ्या मानेत काहीतरी लागलंय आणि ही लपवतेय, हे माझ्या मनानं घेतलं. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन, देवळातून येणारं नागस्वराचं सावकाश आळवणं, कशात म्हणून जीव रमेना. आरशासमोर गळा चाचपत मी तिच्यावर मनातून जळफळत असे.

एका शुक्रवारी तिनं तेलाची वाटी माझ्याच हाती दिली. ‘आज तू घाल. डावा हात वर जात नाही.’

थोरलीला कोण तेल घालतं? मला हसूच आलं. मग तिच्या काखेत माझ्या बोटांना काहीतरी लागलं. टणक, चिंचोक्याएवढं.

‘अय्यो, अक्का! कधीपासून?’

‘दिवाळीच्या आधीपासून. आईचं मला आलं, तुला आलंय का तेवढंच बघत होते. तुझी मान नितळ आहे गं.’

मला रडूही येईना, इतकी लाज वाटली.

तिला जाऊन कितीतरी मार्गशीर्ष उलटले. स्मरणात तिचा चेहरा शोधू जाते, तर त्या सगळ्या शुक्रवारी मी तिच्याकडे पाठ करून बसलेली असते.