कानामागची चार बोटं

“डाव्या कानामागे चार बोटं जागा साफ करा, धोंडप्पा. आणि गालाला चुकूनही हात लावू नका,” सिस्टर दानेश्वरीने बजावले.

सलून सांभाळून वीस वर्षे इथे ऑपरेशनआधी पेशंटचे केस काढणाऱ्या माणसाला हे शिकवायचे? धोंडप्पाने तोंड वाकडे करत डबा उघडला. मग खाटेकडे पाहिले आणि हातातली वाटी तशीच राहिली. सिद्राम! त्याच्या सलूनशेजारच्या टॉवेल कारखान्यातला.

तीन वर्षांपूर्वी हाच माणूस दाढीला बसला होता. गालाला ब्रश लागताच किंचाळून उठला, धोंडप्पाचा हात झिडकारला, फेसाची वाटी उडाली. “सकाळी सकाळी ढोसून येतंय! चल, ऊठ!” म्हणत धोंडप्पाने भरल्या दुकानातून त्याला तसेच हाकलले होते. एवढ्यावर थांबला तर तो धोंडप्पा कसला? पुढे महिनाभर कारखान्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने तो किस्सा तिखटमीठ लावून ऐकवला.

“जपून हं भाऊ,” उशाशी बसलेली सिद्रामची बायको मथुराबाई म्हणाली. “गालाला वारा लागला तरी कळ येती, करंट बसल्यागत. तीन चांगल्या दाढा उपटल्या, गुण न्हाय. आता डॉक्टर म्हणत्यात, रक्ताची शीर नसंवर दाबतीया. कानामागनं हाड उघडून ती बाजूला करायची.”

धोंडप्पा वस्तरा पुसत राहिला.

“जल्मात थेंब घेतला न्हाय ह्यांनी. आन् कुण्या सलूनवाल्यानं बेवडा म्हणून उठवलं की! माझा सख्खा भाऊ ह्यांच्याच कारखान्यात, ते ऐकल्यापास्नं त्यो आमचा उंबरा चढंना. आज एवढं ऑपरेशन, तरी आला न्हाय. आन् हे त्या मेल्या सलूनवाल्याचं नाव सुदीक सांगत न्हाईत.”

लाजेने धोंडप्पाचे कान तापले. सिद्रामने त्याच्याकडे नीट पाहिले. ओळखले होते, यात शंकाच नव्हती.

“न्हाय आठवत,” तो ओठ न हलवता हळूच म्हणाला. “आन् त्याला तरी काय ठावं, मला काय झालंय? माझं मलाच ठावं नव्हतं.”

‘तो मीच.’ दोनच शब्द होते. सगळे सलून दणाणून सोडणारा धोंडप्पाचा आवाज मथुराबाईपुरताही निघेना.

“मान जरा तिकडं करा,” तो म्हणाला.

सिद्रामने मान वळवली, डोळे मिटले आणि दुखरी बाजू निर्धास्तपणे त्याच्या वस्तऱ्यापुढे धरली.