मोरीकडे उतरतं स्टूल

शिल्पकाराने आयुष्यात एकच वस्तू फारसं डोकं न लावता बनवली होती, ती म्हणजे आईचं अंघोळीचं स्टूल. आईचा डावा गुडघा कामातून गेलेला आणि न्हाणीघराची फरशी मोरीकडे उतरती. म्हणून मोरीकडचे दोन पाय लांब, मागचे दोन आखूड. बैठकीला पाणी जायला भोकं, आणि डाव्या बाजूला उठताना धरायला एक वाकडा हात. एका दुपारचं काम.

बाकीची शिल्पं मात्र त्याने वीस वर्षं घाम गाळून केली होती. ती शेडमध्ये धूळ खात उभी होती. लोक यायचे, "छान आहे, पण हे नक्की काय आहे?" असं विचारायचे आणि चहा पिऊन जायचे.

संग्रहालयाच्या बाई आल्या त्या दिवशी स्टूल तेल पाजून अंगणात उन्हात ठेवलं होतं. बाईंनी शेडकडे पाठ फिरवली आणि त्या स्टुलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कलतंय, पण पडत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "याचं नाव काय?"

'आईचं स्टूल' हे अगदी जिभेवर आलं होतं. पण वीस वर्षं उपाशी असलेल्या माणसासमोर कोणी ताट मांडलं, तर तो ताट कोणाचं हे विचारत बसत नाही.

"उतार," तो म्हणाला.

'उतार'च्या जिवावर बाईंनी आणखी अकरा शिल्पं घेतली. एका कागदावर त्याने सही ठोकली: ही कृती एकमेव आहे, हिच्यासारखी दुसरी करणार नाही.

आईला त्याने सांगितलं, पाय निखळला, दुरुस्तीला दिलंय.

"तू सुताराचा मुलगा," आई म्हणाली, "आणि दुरुस्तीला दुसऱ्याकडे?"

तेव्हापासून ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची. ते उतारावर घसरायचं. बायको अर्धी भिजून तिला दोन्ही खांद्यांना धरून उभी राहायची, आणि "सांभाळा, सांभाळा" हे बाहेर त्याला रोज ऐकू यायचं. कागद गेला खड्ड्यात म्हणून त्याने नवं करायला घेतलं, पण हाताला आता अक्कल आली होती. पाय कापायला घेतला की तो बरा दिसतोय का, हेच आधी मनात यायचं. तीन स्टुलं झाली. तिन्ही बघण्यासारखी झाली, आईला एकावरही बसता येईना.

"फोन करा," बायको म्हणाली. "स्टूल आहे म्हणावं, परत द्या."

"मग बाकीच्या अकरांना कोण विचारणार?"

यावर तिने ओला टॉवेल दोरीवर टाकला आणि ती आत निघून गेली.

प्रदर्शनाला आई सुनेला घेऊन हट्टाने आली. मुलाचं नाव झालं होतं, घरात कशी बसणार? दालनाच्या मधोमध, सपाट फरशीवर, ते बिचारं मागच्या अंगाला झुकून उभं होतं आणि चार माणसं माना वाकड्या करून त्याच्याकडे बघत होती.

"अगं बाई, हे इथे आहे होय," आई म्हणाली आणि सवयीने वाकडा हात धरून बसली. पाय दुखत होते तिचे.

पहारेकरी धावत आला. "आजी, उठा. तिथे बसायचं नाही."

"का? माझंच आहे. विचारा ह्याला."

सगळे त्याच्याकडे वळले. बाईही. अजूनही एका वाक्यात सुटला असता तो, कदाचित लोक हसलेही असते. त्याने बाईंकडे पाहिलं.

"आई," तो म्हणाला, "इथे कशाला हात लावायचा नसतो."

आईने त्याच्याकडे पाहिलं. हा खोटं कधी बोलतो, ते तिला तो बोलायला लागल्यापासून ठाऊक होतं. तिने वाकडा हात सोडला, सुनेच्या आधाराने कशीबशी उठली आणि बाईंकडे वळली.

"चुकलं हं माझं. आमच्याकडे असंच एक होतं, मला वाटलं तेच."

"असं काही घरात असतं, तर अजून काय हवं होतं," बाई हसून म्हणाल्या.

शिल्पकाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आईचा हात धरायला पुढे झाला, पण तिने सुनेचा धरला होता.

"उद्यापासून अंघोळ नको," डावा पाय ओढत आई तिला सांगत होती. "अंग पुसून घेत जाईन मी."