टेपवर न उमटलेले तीन होकार

मित्रांनो, सामोआतल्या एका शाळेच्या कपाटात, मोडक्या पंख्याशेजारी जो गंजका डबा पडलाय ना, तो मी. एक जुना टेपरेकॉर्डर.

नवा होतो तेव्हा माझे फार लाड झाले. चर्चची गाणी भरायला बायका मला कापडात गुंडाळून न्यायच्या. माझं खरं काम मात्र इंग्रजीची तोंडी परीक्षा टिपण्याचं. कॅसेट समुद्रापार जायची आणि तिथले साहेब ती ऐकून गुण द्यायचे.

परीक्षा ग्रॅहमसर घ्यायचे. "इंग्रजी? जगातली सगळ्यात सोपी भाषा!" हे त्यांचं पालुपद. गावसभेत भाषणं करणारे मालाकीआजोबा एकदा म्हणाले, "असेल बुवा. पण अकरा वर्षांत तुम्हाला आमची किती आली?"

"तुमची अवघड आहे हो!" सर हसले.

"वा! तुम्हाला येत नाही ती भाषा अवघड, आणि आम्हाला येत नाही तेव्हा आम्ही ढ!"

आजोबांची नात फेतुआओ. आमच्याकडे घरातली बोली वेगळी, मानकऱ्यांसमोरची वेगळी. जेवणाला, झोपेला, मरणालासुद्धा तिथे दुसरे शब्द. तिला दोन्ही चोख यायच्या. त्याचे गुण तिला कोणी दिले नाहीत. तिला नर्स व्हायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजीत पास होणं भाग होतं.

परीक्षेत पाच प्रश्न होते. तापाच्या पोराला कसं सांभाळशील, आणि नर्सच का व्हायचंय, हे तिने छान सांगितलं. मग सरांनी विचारलं, घरापासून लांब राहशील? रात्रपाळी करशील? जखम बघवेल? तिन्ही वेळा फेतुआओने भुवया उंचावल्या. इथे 'हो' असंच म्हणतात. सरांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

महिन्याभराने कागद आला. 'तीन प्रश्नांना उत्तर नाही. इंग्रजी समजत नाही. नापास.'

आजोबा तरातरा शाळेत आले. "माझी नात आणि गप्प? लावा ती टेप!"

सरांनी आपल्याजवळची दुसरी प्रत लावली. माझ्यातून सरांचा प्रश्न आला, मग पंख्याची घरघर, एक कोंबडा, की पुढचा प्रश्न. फेतुआओ चटईवर बसली होती. प्रत्येक प्रश्नाला तिच्या भुवया पुन्हा वर गेल्या. मला माझीच चीड आली.

"सर," आजोबा हळूच म्हणाले, "तुम्ही समोर होता. तुम्हाला तेव्हा कळलं होतं ना?"

 सरांच्या भुवया तेवढ्या वर गेल्या. अकरा वर्षांत आमच्या भाषेतलं एवढं एकच त्यांना आलं होतं.

निकाल बदलला नाही. फेतुआओ आज खोबरं वाळवते. कधी शाळेवरून गेली तर आत बघत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कोणाला भाषा येत नाही असा शेरा मारण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा. मी यंत्र होतो, भुवया टिपायची सोय माझ्यात नव्हती. सरांना तर डोळे होते.